पीटीच्या तासाला कट्ट्यावर बसणाऱ्या तीन मुलांविषयी

ऐरोलीच्या एका प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिली-दुसरीच्या त्यांच्या एकत्र तासाला चाळीसेक मुलांबरोबर तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली तीन मुले आहेत. सात वर्षांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) आहे, तो चाकाच्या खुर्चीत असतो आणि त्याला अधूनमधून फिट येते. आठ वर्षांचा तिसरा मुलगा स्वमग्न आहे, तो बोलत नाही आणि सोडले की कुंपणाच्या कडेने पळत राहतो. आठवड्यातून दोनदा पस्तीस मिनिटांचा तास असतो आणि त्या वेळात ही तिघे मदतनीस मावशींबरोबर कट्ट्यावर बसून इतरांचा खेळ पाहतात. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की त्यांचा व्यायाम थेरपीत होतोच, मैदानावर काही झाले तर जबाबदारी कोणाची? या मुलांना नेमके काय शिकवायचे आणि सुरुवात कुठून करायची, असे बाई विचारतात.

ठाणे आणि नवी मुंबईत मी बावीस वर्षे हेच काम करते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे विशेष शाळेत गेली आणि त्यानंतर सर्वसाधारण शाळांतल्या शिक्षकांबरोबर मैदानावर उभे राहण्यात गेली. त्या अनुभवातून जे सांगण्यासारखे आहे ते सविस्तर सांगते.

आधी मुख्याध्यापकांच्या आक्षेपाविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १६ मध्ये शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, एवढेच म्हटलेले नाही. शिक्षणाबरोबर खेळ आणि मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, असे त्यात स्पष्ट आहे. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा झाला, त्यात विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षणाचा नावानिशी समावेश केला गेला. तेव्हा पीटीचा तास ही या मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हे. राहिला थेरपीचा मुद्दा. फिजिओथेरपिस्ट आखडलेला स्नायू सैल करतात, सांध्याची हालचाल टिकवतात, मुलाला बसते-उभे करतात, आणि हे सारे बहुधा एका खोलीत, एका वेळी एकाच मुलाबरोबर चालते. खेळायला शिकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चेंडू दुसऱ्याकडे जाऊ देणे, दमणे आणि पुन्हा यावेसे वाटणे हे तिथे होत नाही, आणि ते त्यांचे कामही नाही. फिजिओथेरपी चालू आहे म्हणून पीटी नको, असे म्हणणे म्हणजे डॉक्टरांनी टॉनिक दिले आहे म्हणून जेवण बंद करण्यासारखे आहे.

आता मूळ गोष्ट. कट्ट्यावरून उठवून मुलांना मैदानात आणणे तितकेसे अवघड नाही. खरी चूक त्यानंतर होते, आणि ती मीही केलेली आहे. विशेष शाळेतल्या माझ्या पहिल्या वर्षी क्रीडादिनाला एका मुलीच्या हातात चेंडू देऊन, तिच्या हातावर माझा हात ठेवून मी तो बादलीत टाकला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. काही दिवसांनी तो फोटो हाती आला तेव्हा दिसले की तिची नजर चेंडूकडेही नव्हती आणि बादलीकडेही नव्हती. ती मांडवाच्या झालरीकडे पाहत होती. चेंडू मी टाकला होता, तिचा हात मध्ये होता एवढेच. मुलाला हलवणे आणि मुलाने हलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला फक्त दुसरी हवी आहे. हालचाल बोटभर असली तरी चालेल, पण ती त्या मुलाची असली पाहिजे, आणि तिच्यामुळे खेळात काहीतरी घडले पाहिजे. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे.

मुलाची स्वतःची हालचाल कोणती, हे शोधायचे तर पहिले दोन तास काहीही शिकवू नका. वही घेऊन तिघांपैकी एकेकाजवळ दहा-दहा मिनिटे बसा आणि तीन गोष्टी लिहा: कोणी न सांगता हे मूल शरीराचा कोणता भाग हलवते, कशाच्या दिशेने वळते, आणि नको असेल तेव्हा ते कसे सांगते. तिसरी गोष्ट आपण फार वेळा विसरतो. मान फिरवणे, हुंकार देणे, अंग ताठ करणे, खाली बसणे ही न बोलणाऱ्या मुलाची भाषा असते, आणि ‘नको’ ऐकले जाते हे कळल्याशिवाय ते मूल ‘हवे’ म्हणायला शिकत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या बुद्ध्यंकाचा या कामी काही उपयोग होत नाही. हालचाल-कौशल्यांच्या प्रमाणित चाचण्यांचाही होत नाही. त्यातली सर्वांत प्रसिद्ध चाचणी तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्या आताच्या आवृत्तीत धावणे, उडी, लंगडी, झेल अशी १३ कौशल्ये तपासतात. पण सूचना समजून घेऊन, पाहून, मग करून दाखवणे हे ती गृहीतच धरते. आपल्या मुलांना तिच्यात शून्य गुण मिळतात आणि शून्यावरून काही आखता येत नाही. त्यापेक्षा आपल्याकडच्या विशेष शाळांत वापरली जाणारी मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धती उपयोगाची आहे. तिच्यात १८ क्षेत्रांतल्या ३६० कृतींची यादी आहे, सुरुवातच स्थूल हालचालींपासून आहे, आणि मूल काय करते तेवढेच ती विचारते. मुले पूर्वी एखाद्या विशेष शाळेत किंवा केंद्रात जात असतील, तर पालकांकडे भरलेली प्रत असण्याचा संभव आहे, जरूर मागा. नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीला, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या विशेष शिक्षकांशी एकदा प्रत्यक्ष बोलून घ्या.

तिघांपैकी खुर्चीतल्या मुलाविषयी मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण ‘याला काय शिकवणार’ हा प्रश्न त्याच्याच बाबतीत सर्वांत जास्त विचारला जातो.

अशा मुलांत पुष्कळदा एका हाताची बाहेरच्या दिशेने ढकलण्याची हालचाल शिल्लक असते. समजा ती उजव्या हाताची आहे. पीव्हीसीचा तीन-चार इंच रुंदीचा पाइप उभा चिरून पन्हळीसारखा करून घ्या, त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासा, आणि वरचे टोक खुर्चीच्या ट्रेवर व खालचे टोक जमिनीवर येईल अशी उतरण करा. पन्हळीच्या वरच्या टोकाला चेंडू ठेवून त्याच्यापुढे पुठ्ठ्याची एक पट्टी आडवी धरा. मुलाने पट्टी ढकलली की चेंडू सुटतो, घरंगळत जातो आणि खाली उभ्या केलेल्या स्टीलच्या ताटावर आपटतो. ढकलले, सुटले, वाजले. कारण आणि परिणाम यांतला हा दुवा त्याच्या शरीराला समजणे हाच पहिल्या सत्राचा सगळा अभ्यासक्रम आहे, आणि तो लहान नाही. हा पोरखेळ आहे असे कोणाला वाटले तर त्यांना बोचिया या नेमाने चेंडू टाकण्याच्या खेळाविषयी सांगा. १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये असलेल्या या खेळात, ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही असे खेळाडू हीच उतरण वापरतात. त्यांचा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो आणि त्याला खेळाकडे वळून पाहण्याची मनाई असते, कारण नेम खेळाडूचा असला पाहिजे. मदतनिसाने कसे असावे, हे मला त्या नियमाइतके नेमके दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

उतरण लावण्याआधी बसणे पाहा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पाय लोंबकळत न ठेवता पायपाटीवर टेकवलेले, पट्टे लावलेले आणि चाकांचे ब्रेक लावलेले हवेत. धड डगमगत असेल तर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हात मोकळा राहत नाही. काही मुलांत मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, हट्ट नसतो. म्हणून ताट आणि पट्टी दोन्ही शक्यतो मुलाच्या समोर, मध्यरेषेवर ठेवा. आखडलेला हात कधीही झटक्याने ओढू नका, कारण जितक्या वेगाने ओढाल तितका तो अधिक आखडतो. ताटाचा आवाज आधी हळू ऐकवून पाहा. तो दचकत असेल तर ताटाऐवजी घुंगरांची माळ लावा.

यानंतर येते ते थांबणे. पट्टी समोर ठेवली, त्याचे नाव घेतले, ‘ढकल’ असे एकदाच म्हटले, की मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. या मुलांच्या मेंदूला ऐकलेले समजून घेऊन स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचवायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा ‘ढकल, ढकल’ म्हणालो तर ती जुळणी विस्कटते. दहा आकडे झाल्यावरही हालचाल नसेल तर हाताला नुसता स्पर्श करा, मग पुन्हा थांबा. त्यानेही झाले नाही तर हात धरून ढकलवा आणि ताट वाजू द्या. प्रत्येक पाळी ताट वाजूनच संपली पाहिजे. मदत कमी करताना आपला हात बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून खांद्यावर न्यावा. बोललेली मदत काढून घेणे सर्वांत अवघड जाते, हा माझा अनुभव आहे. मुले सूचनेची वाट पाहत बसायला शिकतात. म्हणून सुरुवातीपासूनच कमी बोला.

पाळ्यांच्या संख्येचा हिशेब मांडून पाहा. रांगेत उभे राहून पाळी घेणाऱ्या मुलाला पस्तीस मिनिटांत तीन-चार संधी मिळतात. इतर मुले तेवढ्यात शिकून जातात, कारण ती रांगेत उभी असताना पाहूनही शिकत असतात. आपल्या मुलाला एका तासाला निदान वीस पाळ्या मिळायला हव्यात, म्हणून त्याच्यासाठी रांग नको. त्याचा कोपरा तासभर चालू राहिला पाहिजे आणि बाकीच्या मुलांनी तिथे येऊन-जाऊन राहिले पाहिजे. एका सत्रात एका मुलासाठी दोनच कौशल्ये घ्या. दर आठवड्याला नवे काहीतरी हवे, हा उत्साह बाकीच्या वर्गासाठी राखून ठेवा.

स्वमग्न मुलाची स्वतःची हालचाल तर समोरच आहे: तो पळतो. बहुतेक ठिकाणी सगळे बळ ती थांबवण्यात खर्च होते. मी ती थांबवत नाही; तिला सुरुवात आणि शेवट देते. त्याच्या कुंपणाच्या वाटेवरच दोन टोकांना दोन बादल्या ठेवा, एक लाल आणि एक निळी. लाल बादलीत मूग भरून शिवलेल्या आठ पिशव्या ठेवा. एक पिशवी उचलायची, पळत जायचे, निळ्या बादलीत टाकायची आणि परत यायचे. बादली रिकामी झाली की काम संपले. किती उरले हे त्याला डोळ्यांनी दिसते, कोणी सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी निळ्या बादलीजवळ उभे राहून फक्त शेवटची पायरी, म्हणजे पिशवी आत टाकणे, त्याच्याकडून करून घ्या आणि मग उलट क्रमाने एकेक पायरी मागे या. शेवटची पायरी आधी शिकवली की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते. दोन चित्रांचा एक पुठ्ठा करा: आधी बादल्या, मग त्याला आवडणारी गोष्ट, मग ती झोका असो की कागद फडफडवणे असो. बक्षीस म्हणून खाऊ देऊ नका. पळताना तोंडात खाऊ असला तर तो घशात अडकण्याचा धोका असतो. शिट्टीला तो कान झाकत असेल तर सगळ्या वर्गासाठीच शिट्टीऐवजी हात वर करण्याची खूण ठेवा. चाळीस मुले ती दोन दिवसांत शिकतात. आणि तास सुरू होण्यापूर्वी फाटकाला कडी लावली आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा, दुसऱ्यावर सोपवू नका.

डाउन सिंड्रोमची मुलगी तिघांत सर्वांत लवकर वर्गात मिसळेल, कारण अशी मुले बहुधा पाहून छान शिकतात आणि ताल त्यांना ओढून घेतो. तिच्यासाठी लेझीम घ्या. लहान मुलांची हलकी लेझीम हाती दिली की प्रत्येक हालचालीला आवाजाचे उत्तर मिळते, दोन्ही हात एकत्र काम करतात आणि गुडघे वाकवून उठण्याचा व्यायाम न सांगता होतो. ती मध्येच बसकण मारेल. त्याला लगेच हट्टीपणा म्हणू नका. या मुलांचे स्नायू मुळात सैल असतात, सांधे लवचीक असतात, आणि जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. ती खरोखर दमलेली असू शकते, किंवा पुढे काय करायचे हे तिला कळलेले नसू शकते. तीन मिनिटे लेझीम, एक मिनिट बसून टाळ्या, असे आलटून पालटून ठेवा.

तिच्या मानेविषयी मात्र कडक राहावे लागेल. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. कोलांटउडी, शीर्षासन, डोक्यावर भार येईल असा कोणताही प्रकार, मानेला हिसका बसेल असा कोणताही खेळ तिला देऊ नये. ट्रॅम्पोलिन, म्हणजे उड्या मारायची ताणलेली जाळी, सहा वर्षांच्या आतल्या अशा मुलांना नकोच, आणि पुढेही देखरेखीशिवाय नको. हल्ली वाढदिवस ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये साजरे होतात, म्हणून आईवडिलांनाही सांगून ठेवा. लक्षणे नसलेल्या मुलाचा सरसकट एक्स-रे काढून हा धोका नेमका ओळखता येत नाही, म्हणून शिक्षकाची नजर महत्त्वाची ठरते. चालण्याची ढब बदलली, मान तिरकी धरली जाऊ लागली, हातातली पकड कमी झाली, किंवा शी-शूवरचा ताबा आधी असून सुटला, तर त्याच दिवशी पालकांना सांगून खेळ बंद करा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

फिट येणाऱ्या मुलासाठी शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला चार गोष्टी ठाऊक हव्यात: वेळ घड्याळात पाहायची, मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवणे अजूनही होते. ते करू देऊ नका. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करा. आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी विचारत नाही. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिटच्या औषधांनी घाम कमी येऊ शकतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा मुलाचे शरीर तापत जाते आणि अंग कोरडे असल्यामुळे आपल्याला ते कळत नाही. औषधाचे नाव पालकांना विचारून घ्या, त्याचा तास सकाळी पहिला किंवा सावलीत ठेवा, आणि पाणी मागण्याची वाट न पाहता दर दहा मिनिटांनी द्या. पातळ पाणी पिताना त्याला ठसका लागत असेल, तर पाणी कसे पाजायचे हे आधी आईकडून शिकून घ्या. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र हवेच असेल, तर ‘खेळण्यास योग्य’ असे मोघम प्रमाणपत्र मागू नका. या मुलाने नेमक्या कोणत्या हालचाली करू नयेत, एवढेच डॉक्टरांकडून लिहून घ्या. असे पत्र हाती आले की जबाबदारीचा प्रश्न बराचसा सुटतो, कारण उरलेले सगळे करायला आपण मोकळे होतो.

आता उरलेली चाळीस मुले. लहानपणी आपण सगळेच एखाद्या धाकट्या भावंडाला ‘कच्चे लिंबू’ करून खेळात घेत होतो. तो खेळतो, पण बाद होत नाही. त्याच्या असण्या-नसण्याने डाव बदलत नाही. शाळांत दिव्यांग मुलांना सामावून घेतले असे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते. तीन वर्षांच्या भावंडाला ते ठीक आहे, कारण दोन वर्षांत ते पक्के लिंबू होते. या मुलांना मात्र जन्मभर कच्चे लिंबू ठेवले जाते. म्हणून नियमच असा करावा की त्यांच्या हालचालीवाचून डाव पुरा होऊ नये. लगोरीत सात ठिकऱ्यांऐवजी बुटांची तीन मोठी रिकामी खोकी रचा. ती फोडण्याचा पहिला चेंडू उतरणीवरून सुटेल, मग पळापळ सुरू होईल, आणि पुन्हा रचून झाली तरी खुर्चीतल्या गड्याने ताट वाजवल्याशिवाय ‘लगोरी’ म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंची मुले त्याच्याकडे डोळे लावून थांबतात, आणि ‘थांबा रे, त्याला ढकलू द्या’ असे सहा वर्षांची पोरे एकमेकांना सांगतात. ‘आईचे पत्र हरवले’ खेळताना रुमालाला घुंगरू बांधा, म्हणजे पाठीमागे रुमाल पडल्याचे ज्याला कळत नाही त्याला तो ऐकू येतो. गोल मोठा आखा आणि त्याच्या बाहेरून खुर्ची फिरेल एवढी वाट सपाट ठेवा. पिशव्यांची शर्यत तर सगळ्या वर्गाचीच करा. स्वमग्न मुलगा ज्या संघात असेल त्या संघाच्या चार पिशव्या त्यानेच न्यायच्या.

सोबती म्हणून दर आठवड्याला दोन वेगळी मुले नेमा. नेहमी तीच दोन शहाणी मुले नेमली तर ती छोटी मावशी होऊन बसतात. त्यांना तीनच गोष्टी शिकवा: नाव घेऊन हाक मारायची, दहापर्यंत मोजायचे, उचलायचे किंवा ओढायचे नाही. आठवड्यानंतर त्यांनाच विचारा की खेळ कसा बदलला तर त्याला आणखी जमेल. घणसोलीच्या एका शाळेत विषामृत खेळताना कोणाला ‘विष’ दिले हेच एका मुलाला कळत नव्हते, तेव्हा दुसरीतल्या मुलीने सुचवले की विष मिळालेल्याने डोक्यावर पिवळा रुमाल ठेवावा. इतके सोपे मला सुचले नव्हते.

मावशींशी वेगळे बोला आणि आदराने बोला. त्या मुलाचा हात सोडत नाहीत याचे कारण बहुधा आळस नसते. मूल पडले तर पहिला बोल आपल्याला लागेल, ही भीती असते. ‘मावशी, तो पडला तर मी उत्तर देईन, तुम्ही दहापर्यंत मोजा आणि मगच हात लावा,’ असे स्पष्ट शब्दांत आणि मुख्याध्यापकांसमोर सांगा. एकदा ताट त्याच्या स्वतःच्या हाताने वाजलेले त्यांनी पाहिले की पुढे तुम्हाला फार सांगावे लागत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या मावशींपैकी दोघी आज माझ्यापेक्षा चांगल्या थांबतात.

पावसाळ्याविषयी थोडेसे. जून ते सप्टेंबर मैदान हातचे जाते आणि या मुलांचा तास सर्वांत आधी रद्द होतो. उतरण, बादल्या आणि लेझीम या तिन्ही गोष्टी व्हरांड्यात चालतात. फरशी कोरडी ठेवा. फुगा वापरत असाल तर तो कापडी खोळीत घालून शिवा, म्हणजे तो फुटला तरी रबराचा तुकडा तोंडात जाणार नाही. फुगा सावकाश खाली येतो, त्यामुळे नजर स्थिर व्हायला वेळ मिळतो, आणि मुलीला झेल शिकवायला चार भिंतींच्या आत यापेक्षा चांगले साधन नाही.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना, दिव्यांग मुलांसह, रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. तुमच्या हाती आठवड्याची ७० मिनिटे आहेत. म्हणून घरी नेता येईल तेच शिकवा. मुलगी लेझमीबरोबर गुडघे वाकवायला शिकली की आईला सांगा, आता सोसायटीच्या जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्या कठड्याला धरून चढू द्या, मग लिफ्ट. पळणाऱ्या मुलाचे बाबा रविवारी त्याला वाशीच्या सागर विहारला नेत असतील तर पिशव्या आणि दोन बादल्या बरोबर द्या. अंतर वाढवता येईल. स्पेशल ऑलिंपिक्सच्या स्पर्धांत आठव्या वर्षापासून उतरता येते, पण त्याआधी दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी त्यांचा यंग ॲथलीट्स उपक्रम असतो, आणि ज्यांना स्पर्धेचा खेळ झेपत नाही अशा तीव्र दिव्यांगत्वाच्या खेळाडूंसाठी हालचाल-प्रशिक्षणाचा वेगळा कार्यक्रम असतो, ज्यात कोणाला हरवायचे नसते, स्वतःचीच मागची पायरी ओलांडायची असते. पालकांना हे माहीत नसते, सांगून ठेवा.

नोंद ठेवण्याची पद्धत मी अगदी साधी ठेवते. मुलामागे वहीचे एक पान, तारीख, आणि प्रत्येक पाळीला एक अक्षर: हात धरून केले तर ‘ह’, स्पर्शाने केले तर ‘स्प’, पाहून केले तर ‘पा’, सांगितल्यावर केले तर ‘सां’, आणि आपणहून केले तर ‘स्व’. किती चेंडू गेले यापेक्षा अक्षर कसे बदलते ते पाहायचे. कळव्याच्या एका मुलाला ‘ह’ पासून ‘स्प’ पर्यंत यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसते, कारण चेंडू पहिल्या दिवशीही सुटत होता आणि शेवटच्या दिवशीही. वही नसती तर मीही जूनमध्ये सुरू केलेले दिवाळीआधीच सोडून दिले असते.

पुढच्या तासाला तिघांचेही सुरू करू नका. निरीक्षणाचे दोन तास झाले की पाइप, पुठ्ठा, चेंडू आणि घरचे एक ताट एवढेच घेऊन जा, आणि बाकीची मुले पळण्याचा खेळ खेळत असताना दहा मिनिटे खुर्चीतल्या मुलाजवळ बसा. त्याच्या आईला विचारून कोणत्या हाताने, कोणत्या वेळी तो जास्त हलतो ते आधी समजून घ्या. पहिल्या दिवशी वीस पाळ्यांपुढे बहुधा वीस ‘ह’ येतील. ती तशीच लिहा, एकही अक्षर मायेने बदलू नका. सहा आठवडे झाले की ते पान मुख्याध्यापकांना दाखवा आणि त्यांना एका तासाला मैदानावर बोलावून, दहापर्यंत मोजण्याचे काम त्यांच्याकडे द्या.